मार्थाबाईचं बावखल

इनेझचं लग्न झालं ते साल १९५२. वसईजवळच्या पापडीतल्या घरापुढे मांडव पडला होता आणि नवरीचा धाकटा भाऊ रुडॉल्फ पुण्याहून सुट्टीला आला होता. इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष नुकतंच संपलेलं. पंगतीत वाढताना जो तो त्याला थांबवून विचारी, "काय रे, पूल कधी बांधतोस?"

रुडॉल्फ नुसता हसायचा. पूल राहिला दूर, त्यानं अजून साधं गटारही बांधलं नव्हतं.

हे ओळखून होते ते एक फर्डिनंडमामा. फर्डिनंड तुस्कानो, राहणार नंदाखाल, सरकारी बांधकाम खात्यातले निवृत्त ओव्हरसियर. नात्यानं कुणाचेच मामा नव्हते, पण वसईतली शिकणारी सगळी पोरं त्यांना मामाच म्हणत. उन्हाळा लागला की ते या पोरांना धरून आणत, गावची बिनपैशांची कामं करायला लावत आणि ठाण्याच्या कचेऱ्यांमधून साहेबांपुढे उभं करत.

"कॉलेजात तुम्हाला गणित शिकवतील," ते म्हणत. "पण माणसं कोण दाखवणार? साहेबापुढे उभं राहायचं कसं, गावकऱ्याचं ऐकायचं कसं, हे कुठल्या पेपरात येतं?"

मामांनी एखाद्या पोराचं नाव घेतलं की साहेब त्याला कामावर ठेवून घेत. असा त्यांचा शब्द होता.

लग्नाची गडबड सरली आणि मामांनी रुडॉल्फला नंदाखालला बोलावलं. तिथे मार्था लोपीस म्हणून एक विधवा बाई होती. तिच्या वाडीत बावखल होतं, म्हणजे पावसाचं गोडं पाणी साठवणारं जुनं तळं. तिची पानवेल आणि शेजाऱ्यांच्या केळी रहाटानं ओढलेल्या त्याच पाण्यावर जगत. पण गाळ साचून ते उथळ झालं होतं. मे महिन्यात तळ दिसायचा.

"हे काम तुझं," मामा रुडॉल्फला म्हणाले. "तुझ्यासारखाच कॉलेजात शिकणारा आपला लॉरेन्स मदतीला येईल. खणायला वाडीतली माणसं आहेत. गाळ काढा, पण खालची निळी चिकणमाती लागली की हात आवरा. ती माती फोडलीत तर खालून खारं पाणी वर येईल. रोज सकाळी खड्ड्यातलं पाणी चाखायचं. जिभेला जरा जरी वेगळं लागलं, तर तिथल्या तिथे माती ठासून बुजवायचं आणि मला कळवायचं. लपवायचं नाही."

"मामा, चाखायला लॉरेन्सला ठेवू," रुडॉल्फ म्हणाला. "त्याची जीभ कधी थांबतच नाही."

"माझी जीभ बोलायला आहे," लॉरेन्स म्हणाला. "गाळ चाखायला इंजिनिअर हवा."

काम चांगलं चाललं. मार्थाबाई रोज भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी घेऊन यायची. रुडॉल्फला ती 'इंजनेरबाबा' म्हणायची आणि शेजारणींना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची.

मग मामांचा निरोप आला. ठाण्याचे पाटबंधारे खात्याचे एक साहेब रविवारी चर्चमधली मिस्सा झाल्यावर काम बघायला येणार होते. एका धरणाच्या कामावर त्यांना सुट्टीपुरता एक विद्यार्थी हवा होता. मामांनी रुडॉल्फचं नाव सांगून ठेवलं होतं.

शनिवारी सकाळी निळी माती लागली. लॉरेन्स आगाशीला चुना आणायला गेला होता. रुडॉल्फनं खड्ड्यात वाकून पाहिलं. ओली, चिकट, निळसर माती, आणि वर जेमतेम घोटाभर पाणी. उद्या साहेब येऊन काय बघणार? चिखल? त्यानं खणणाऱ्यांना सांगितलं, "अजून हातभर जाऊ द्या."

माणसं थबकली, पण इंजिनिअरच सांगतोय म्हटल्यावर त्यांनी पहारी घातल्या. दुपारपर्यंत खालून पाणी असं उसळलं की खणणाऱ्यांना टोपल्या सोडून वर यावं लागलं. सगळे खूश. मार्थाबाईनं छातीवर क्रूसाची खूण केली.

माणसं जेवायला गेल्यावर रुडॉल्फ पायऱ्या उतरला आणि त्यानं ओंजळभर पाणी तोंडात घेतलं.

फार खारं नव्हतं, नुसतं मचूळ. पण त्याला कळलं. अजून बुजवता आलं असतं. संध्याकाळपर्यंत पुन्हा माती ठासली असती, तर बावखल वाचलं असतं. तो थोडा वेळ तिथंच उकिडवा बसून राहिला. मग तोंडातलं पाणी थुंकून वर आला.

रविवारी साहेब आले. भरलेलं बावखल बघून त्यांनी रुडॉल्फच्या खांद्यावर हात ठेवला. "तुस्कानो, तुमचा मुलगा तयार आहे," ते म्हणाले. मामांचा चेहरा असा फुलला, जणू त्यांच्याच घरी लग्न होतं.

पावसाआधीच केळीच्या पानांच्या कडा करपल्या. मग पानवेल पिवळी पडली, आणि एकदा पिवळी पडलेली वेल काही हिरवी झाली नाही. मिस्सेनंतर चर्चच्या आवारात मार्थाबाई सगळ्यांसमोर उभी राहिली.

"पानी खारं झालंय!" ती ओरडली. "माझ्या सासऱ्यानं लावलेली वेल होती ती. कुनी खनायला सांगितलं एवढं? कुनी?"

सगळ्या माना रुडॉल्फकडे वळल्या. धरणावर हजर होण्याचं पत्र त्याच आठवड्यात आलं होतं.

"मी सांगितलं," फर्डिनंडमामा म्हणाले.



"मीच म्हणालो, अजून खणा. माझा अंदाज चुकला, मार्था. पोराकडे बघू नकोस. त्यानं माझं ऐकलं."

"ओव्हरसियर म्हने!" मार्थाबाईचा आवाज फाटला. "सरकारनं घरी बसवलं ते बरंच केलं. आता गावाला तरी सोड."

त्यावर कुणीतरी हसलं. मामा खाली बघत उभे राहिले. रुडॉल्फ गर्दीच्या मागे सरकला.

घरी जाताना मामांनी त्याला वाटेत गाठलं.

"मामा, तुम्ही असं का..."

"गप रे. मी म्हातारा माणूस, मला आता कुठे बढती मिळायचीय? तुझं नाव आज खराब झालं तर उभा जन्म जाईल. माती ओळखायला चुकलास. पहिल्या कामात कोण चुकत नाही? मीही चुकलोय." ते थांबले. "एवढं सांग. पाणी चाखलं होतंस?"

वाटेवरच्या चिंचेच्या सावलीत ते त्याच्या तोंडाकडे बघत होते. रागानं नव्हे. त्यांना फक्त हो किंवा नाही ऐकायचं होतं.

"नाही, मामा," रुडॉल्फ म्हणाला. "विसरलो."

"मग ठीक," मामा म्हणाले. "विसरणं निराळं." आणि सुटल्यासारखं हसले.

रुडॉल्फ धरणावर गेला, पास झाला, त्याच साहेबांच्या हाताखाली नोकरीला लागला. इकडे दुसऱ्या उन्हाळ्यात मामांकडे दोनच पोरं आली, तिसऱ्या उन्हाळ्यात कुणी नाही. आपली पोरं त्या चुकणाऱ्या ओव्हरसियरकडे कोण पाठवणार? मार्थाबाईनं बावखल बुजवून टाकलं आणि ती बहिणीकडे माणिकपूरला राहायला गेली. रुडॉल्फ सुट्टीवर आला की नंदाखालचा रस्ता टाळून लांबून जायचा. धरणावर कुणी त्याची हुशारी वाखाणली की जेवण गोड लागायचं नाही. पाण्याचा पेला तोंडाला लावताना तो नकळत पहिला घोट जिभेवर धरून ठेवायचा.

१९५७च्या ईस्टरला मात्र तो मनाशी ठरवून मामांकडे गेला. मामा पडवीत खाटेवर होते, पाय सुजलेले. शेजारी ॲन्सेल्म नावाचा एक मुलगा बसला होता. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असलेला, लांबच्या नात्यातला, म्हणून तेवढा एक मामांकडे यायचा.

"आलास? बरं झालं," मामा म्हणाले. "मला आता चालवत नाही. याला तू घे हाताखाली. ॲन्सेल्म, हा रुडॉल्फ. याच्याकडे शीक. पोरवयात याच्या हातून एक मोठी चूक झाली. पण मी तोंडावर विचारलं तेव्हा यानं खरं सांगितलं. म्हणून तर मी याच्यासाठी उभा राहिलो. नाहीतर नसतो राहिलो."

मुलगा आदरानं उठून उभा राहिला. रुडॉल्फनं तोंड उघडलं. मामा त्याच्याकडे बघत होते, डोळे अगदी निवांत. त्या निवांतपणाला हात लावायचं धैर्य त्याला झालं नाही.

"पाठवा त्याला," तो म्हणाला. "सांभाळीन."

ॲन्सेल्म दिवाळीच्या सुट्टीत त्याच्या साइटवर आला. पहिल्याच दिवशी त्यानं विचारलं, "सर, मामांनी सांगितलेली ती चूक कोणती?" रुडॉल्फनं त्याला मातीचे थर, खारं पाणी, सगळं नीट समजावून दिलं. ओंजळीतल्या पाण्याचं मात्र सांगितलं नाही. त्या संध्याकाळी त्यानं नाताळची रजा मागून घेतली. जाऊन आधी मामांना सांगायचं, मग या पोराला, असं ठरवून.

फर्डिनंड तुस्कानो १९५७च्या नोव्हेंबरमध्ये, चर्चमध्ये मृतांसाठी प्रार्थना करतात त्या महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी, नंदाखालच्या घरी वारले.