जोडीतले दुसरे गोळायंत्र

मित्रांनो, लोखंडी गोळा हातात मिळाल्याशिवाय ड्रायव्हरने गाडी हलवायची नाही, असा एक काळ होता. तो गोळा देणारे मी रेल्वेचे एक जुने यंत्र आहे. माझा जोडीदार पुढच्या स्टेशनात होता. तिथल्या स्टेशनमास्तरांनी संमती दिली, तरच माझ्या पोटातला गोळा बाहेर पडे. त्याला गोळा हवा असेल, तर माझी संमती लागे. एक गोळा बाहेर असेपर्यंत दुसरा निघत नसे, म्हणून आमच्या एकेरी रुळावर दोन गाड्या कधी समोरासमोर आल्या नाहीत. चाळीस वर्षे आम्ही घंटेने बोललो, पण एकमेकांचे तोंड पाहिले नाही.

मग नवे सिग्नल आले आणि आम्हा दोघांना एकाच गोदामात आणून टाकले. तिथे मी गंजत पडले.

एका रविवारी रेल्वेची जुनी यंत्रे पुन्हा चालू करणारी काही हौशी माणसे आली. आम्हा दोघांची देखभाल केलेले निवृत्त फिटर त्यांत होते. सोबत घड्याळे दुरुस्त करणाऱ्या त्यांच्या वहिनी. मला वाटले, माझे दिवस पालटले. पण टेबलावर चढला तो माझा जोडीदार! त्याची पितळी मूठ शाबूत होती ना. दर रविवारी त्याला तेलपाणी, नवा लाल रंग आणि कौतुक. माझ्या डोक्यावर रंगाचे डबे. माझा नुसता तिळपापड होई.

एकदा फिटर म्हणाले, "वहिनी, त्याची स्प्रिंग तुटलीय. ह्या भंगारातली काढून लावू."

ज्यांनी मला तेल घातले, तेच हे बोलले.

"मग ह्याचं काय?"

"ह्याचं काय व्हायचंय आता? एक चाललं तरी लोक खूश."

"एकटं कसं चालेल, भावोजी? दुसऱ्यानं हो म्हटल्याशिवाय गोळा पडत नाही, असं तुम्हीच सांगता ना?"

फिटरांनी पाना खाली ठेवला. वहिनींनी तार वळून नवी स्प्रिंग केली आणि नंतर दोन महिने माझ्यावर खपल्या.

चाचणीच्या दिवशी आम्हाला खोलीच्या दोन टोकांना ठेवून तारेने जोडले. फिटरांनी तिकडून गोळा मागितला. माझी घंटा वाजली, वहिनींनी माझी नवी मूठ फिरवली. सगळे मात्र त्याच्याकडेच पाहत होते. मत्सराने मी आतला खटका आवळून धरला. तीनदा प्रयत्न झाला, गोळा पडेना.

"राहू द्या, वहिनी," फिटर हळूच म्हणाले. "जोडणीत मीच चुकलो असेन. वय झालं."

उभ्या नोकरीत तो माणूस एकदाही चुकला नव्हता. मला माझीच लाज वाटली. मी खटका सोडला. तिकडे गोळा खणकन पडला. फिटर खुर्चीत बसून कितीतरी वेळ चष्मा पुसत राहिले.

मित्रांनो, खोटे कशाला बोलू? येणारे आजही आधी त्याच्या पितळेवर हात फिरवतात आणि मला ते झोंबते. पण तुम्हाला एखादी जुनी वस्तू सापडली, तर दुसरी मोडून तिला सजवू नका. तिचा जोडीदार कुठे पडला आहे, ते आधी शोधा.