क्रिव्होलेसची अर्धी धून

मित्रांनो, मी कथील आणि शिसे वितळवून केलेला एक जुना पत्रा आहे. माझ्या अंगावर पाच-पाच रेघांच्या आठ ओळी कोरल्या आहेत, पण सूर आहेत ते चारच ओळींवर. असे का झाले, ते सांगतो.

माझा मालक गेट्झेल मिंट्झ. रशियातले क्रिव्होलेस गाव सोडून तो इंग्लंडमध्ये लीड्सला आला आणि शिंप्यांच्या गल्लीत त्याने दुकान थाटले. व्हायोलिनच्या तारा विकायच्या आणि आपल्या ज्यू लोकांची गाणी छापायची, हा त्याचा धंदा. माझ्यासारख्या पत्र्यांवर तो पोलादी ठशांनी सूर उलटे ठोकी, म्हणजे कागदावर ते सुलटे उमटत. या कामात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता.

क्रिव्होलेसचेच लेमेलकाका दुकानात येऊन बसत. चाळीस वर्षे ते लग्नांत व्हायोलिन वाजवत आले होते. नवरीला मांडवाकडे नेताना वाजवायची गावची एक धून होती. पुढे ज्यूंच्या जिवावर उठलेला जमाव गावावर चालून आला आणि ती वाजवणारे बाकीचे सगळे मारले गेले. काकांना सूर लिहिता येत नव्हते.

"गेट्झेल, धून कधी उतरवून घेतोस?"

"पुढच्या आठवड्यात, काका. सध्या नाटकातली गाणी हातोहात जाताहेत."

"जाऊ देत बाबा. मी आहेच इथे, लोणच्यासारखा मुरत."

असे तीन हिवाळे गेले. चौथ्यात काकांच्या छातीत कफ दाटला. गेट्झेल कागद घेऊन धावला. काकांनी चार ओळी गुणगुणल्या, मग खोकल्याची उबळ आली. बोट वर करून त्यांनी थांबण्याची खूण केली. गेट्झेल थांबला. काका पुन्हा बोलले नाहीत.

दफन करून आल्यावर त्याने त्या चार ओळी माझ्यावर ठोकल्या. त्यातला एक सूर तिरपाच बसला.

"अहो, उरलेली तुम्हीच रचा," त्याची बायको फ्रुमे म्हणाली. "कोणाला कळणार आहे?"

"रचतो. आणि वर नाव काय घालू? क्रिव्होलेसचं?"

फ्रुमे चुलीकडे वळली.

मग मला वर्तमानपत्रात गुंडाळून तो रोज स्टेशनवर जाऊ लागला. बोटीने आलेली आपली माणसे तिथे गाडीतून उतरत. प्रत्येकापुढे तो ती अर्धी धून गुणगुणे आणि पुढची येते का, म्हणून विचारी. हमाल त्याला 'अर्धवट मास्तर' म्हणू लागले. दुकान बहुधा बंदच असे.

दोन वर्षांनी काळी शाल पांघरलेली एक बाई थबकली. तिने चारही ओळी ऐकल्या.

"पुढची येते तुम्हाला?" त्याने विचारले.

"येते. माझ्या लेकीच्या, ड्वोराच्या लग्नात वाजली होती. सहाव्या दिवशी जमाव आला." ती जमिनीकडे बघत होती. "मला म्हणायला लावू नका."

 गेट्झेलने मला पुन्हा गुंडाळले आणि तिचे बोचके उचलले.

"चला मावशी. घरी सूप गरम असेल."

मावशी अकरा वर्षे आमच्या घरात राहिल्या. त्या बटाटे सोलत, फ्रुमेशी भांडत, गेट्झेलचे मोजे रफू करत. त्याने त्यांना धुनीबद्दल एकदाही विचारले नाही. त्या गेल्या त्या दिवशी तो माझ्यासमोर येऊन बसला, ठसे हातात घेतले आणि परत पेटीत ठेवून दिले.

मित्रांनो, घरातले म्हातारे माणूस आपणहून काही सांगायला आले, तर हातातले काम बाजूला ठेवा. नंतर विचारायचा हक्क आपल्याकडे राहतोच असे नाही.