नाकाला कपाळाची कातडी

मिठाच्या पाण्यातला कापसाचा बोळा पिळून तिनं नवऱ्याच्या नाकावरची पट्टी भिजवली. चिकटलेली पट्टी आपोआप सुटेपर्यंत ओढायची नाही, असं नर्सनं बजावलं होतं. मास्तर खुर्चीत मान मागे टाकून, डोळे मिटून बसले होते.

उभा जन्म त्यांनी उघड्या तलावाच्या काठावर पोरांना पोहायला शिकवण्यात घालवला होता. शिट्टी तोंडात, ऊन डोक्यावर. घरातलं बोलणंही शिट्टीसारखंच, तुटक आणि हुकमाचं. नाकावर माशी बसू द्यायचे नाहीत. त्याच नाकाच्या शेंड्यावर एक चकचकीत पुटकुळी आली. टॉवेलनं पुसलं की रक्त यायचं, खपली धरायची, पुन्हा रक्त यायचं. दाखवून या, म्हणून तिनं वर्षानुवर्षं कानीकपाळी ओरडून पाहिलं. तलावाच्या पाण्यानं होतंय, म्हणत मास्तरांनी ते उडवून लावलं. शेवटी ती सांगायची थांबली.

निघाला तो कातडीचा कर्करोग. हा मूळचाच आळशी, डॉक्टर म्हणाले, सहसा दूर कुठं जात नाही, बसला तिथंच कुरतडत राहतो. कापलेला प्रत्येक थर त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली तपासला आणि कडा स्वच्छ मिळेपर्यंत पुन्हा पुन्हा कापलं. रोग मुळासकट गेला, उलटायची भीती थोडीच उरली. पण त्याच्याबरोबर नाकाचा शेंडाही गेला. मग कपाळावरची कातडीची पट्टी सोडवून, भुवईपाशी जोडलेलीच ठेवून, पीळ देऊन खाली आणली आणि नाकावर शिवली. ती तिथं रुजेपर्यंत तीन आठवडे ही सोंड तशीच ठेवायची होती. उद्या ती कापणार होते.

या तीन आठवड्यांत तिच्या नाकी नऊ आले होते. चष्मा बसत नाही म्हणून पेपर वाचून दाखवा, आरसे झाका, भेटायला आलेल्यांना दारातूनच वाटेला लावा, आणि वर बोलणी खा. ती दमली होती. हे दमणं एका झोपेनं उतरण्यातलं नव्हतं, ते फार जुनं होतं. लेकीशी फोनवर बोलून तिनं ठरवून टाकलं होतं: सोंड कापून झाली की मास्तरांना धाकट्या दिरासोबत घरी धाडायचं आणि आपण दवाखान्यातूनच परस्पर लेकीकडे जायचं. किती दिवसांसाठी, हा विषय दोघींनीही काढला नव्हता. मास्तरांना हे आजच सांगायला हवं होतं. पट्टी बदलून झाली की सांगू, असं म्हणत ती सकाळपासून पुढं ढकलत होती.

पट्टी सुटली. खालची कातडी गुलाबी होती, जाडसर, पण चांगली तगलेली. तिनं बोटावर मलम घेतलं आणि नाकाच्या शेंड्यावर हलकेच फिरवलं. मास्तरांचे खांदे सैल पडले.

“कपाळावरचा हात राहू दे जरा,” ते म्हणाले.

तिचं बोट जागच्या जागी थांबलं. कपाळाला तिनं हातही लावला नव्हता. गोळ्यांची गुंगी आहे की काय, असं क्षणभर तिच्या मनात आलं. मग उमगलं. कातडी खाली आली तरी तिची नस वरच जोडलेली होती. नाकाला लावलेलं बोट मास्तरांना कपाळावर लागत होतं.

एवढ्या संसारात ते असं कधी म्हणाले नव्हते. तापानं फणफणलेले असतानाही तिचा हात झटकून टाकायचे. तिला एकदम रडू आल्यासारखं झालं, आणि त्याचाच राग आला. हे आधी म्हणायला काय धाड भरली होती?

“अहो, हात नाकावर आहे.”

मास्तरांनी मान आणखी मागे टेकवली.

“मग नाकावर राहू दे.”

तिनं राहू दिला. सांगायचं ते अगदी ओठांवर आलं होतं. उद्या लवकर निघायचंय, सकाळी काही खायचं नाही, एवढंच ती बोलली.

“परत येताना धाकटा आणणार ना मला?” मास्तरांनी विचारलं. डोळे मिटलेलेच होते. “तू फोनवर बोलतेस ते आतल्या खोलीत ऐकू येतं.”

तिनं खिडकीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

“तसं ठरलं होतं,” ती म्हणाली.

मलम केव्हाच जिरलं होतं. तिनं बोट उचललं नाही.