दारातला खांब

“मोडू दिला न्हाय बघा मी,” तानाबाई म्हणाली आणि पदरानं खांबाचं डोकं पुसलं. “जेसीबीवाला म्हणत हुता, एका फटक्यात उडवतो. मी म्होरं जाऊन बसलो. म्हटलं, ह्यो सदफबाईंचा हाय. मुळासकट काढ आन माझ्या दारात आणून लाव!”

सदफ गाडीतून उतरली होती ती तशीच उभी राहिली. खांद्यावरची यंत्राची पेटी खाली ठेवायचं तिला सुचलं नाही. जोतिबाच्या डोंगराखालच्या माळावर, काळ्या खडकात भोक पाडून तिनंच बसवून घेतलेला तो कमरेएवढा सिमेंटचा खांब आता उंबऱ्यासमोरच्या मऊ मातीत उभा होता. वर चुन्याचा ताजा हात.

सदफ भूगर्भशास्त्रज्ञ. उत्तरेकडं, कोयना-वारणेच्या बाजूला, जमिनीच्या पोटात जुन्या भेगा आहेत. त्यांच्यावरचे खडक किती सरकतात हे शोधण्यात तिचं आयुष्य चाललं होतं. भेगांच्या अलीकडं हा खांब, पलीकडं दुसरा. दर हिवाळ्यात ती खांबावर यंत्र बसवी आणि ते दोन-तीन दिवस उपग्रहांचे संदेश टिपत राही. यंत्र सोडून जाता येत नसे, म्हणून मुक्काम तानाबाईकडं. सगळा देशच ईशान्येला, हिमालयाच्या अंगावर चाललेला. त्या मोठ्या चालीतून दोन खांबांमधला केसाएवढा फरक वेगळा काढायचा, तर उपाय एकच. खांबानं हलायचं नाही आणि माणसानं परत परत यायचं.

पहिल्या मोजणीला सदफचे केस काळे होते. अम्मी होती. आता कसबा बावड्यातल्या फ्लॅटचं कुलूप सदफच लावी, सदफच काढी. आलेखावरचे ठिपके मात्र अलीकडं मोजणीच्या चुकीत धरल्या जाणाऱ्या शंकेच्या पट्ट्यातून वर डोकावू लागले होते. यंदाचा ठिपका त्यांच्या रांगेत बसला असता, तर भेग सरकतेय असं तिला छातीठोकपणे म्हणता आलं असतं.

“माळ विकला?”

“कृष्णातनं. प्लॉट पाडाय दिला.” कृष्णात तानाबाईचा मुलगा, पुण्याला असे. “इच्यारतोय कोण मला? सही कर म्हणला, केली.”

सदफ एकटीच माळावर जाऊन आली. खडक फोडून वर मुरूम पसरला होता. खांबाची लोखंडी कांब जिथं खडकात उतरली होती, ती जागा पायांनी चाचपूनही सापडली नाही.

“त्वांड का पडलं वो?” परतल्यावर तानाबाईनं विचारलं. “तिरका बसलाय व्हय? ओळंबा लावून घेतलाय. त्या गवंड्याला कोंबडं खाऊ घातलं त्यापायी, आन मेला म्हणतोय, रस्सा पातळ झालता!”

सदफला हसू आलं, पण टिकलं नाही. “सरळ आहे, मावशी. तिरका नाही.”

“मग?”

खोटं बोलावंसं तिला फार वाटलं. “खांबाचं काही नव्हतं हो. तो ज्या खडकात रुतला होता, त्याचं होतं. खडक सरकला की खांब सरकायचा. आता हा नुसता उभा आहे. मागची सगळी मोजणी तुटली.”

तानाबाईचा खांबावरचा हात खाली आला.

“मला वाटलं, खांबच गेला तर तुमी कशाला येशीला?” ती म्हणाली. “हितं दुसरं कोण येतंय?”

ड्रायव्हर रफिक पुढं आला. “म्याडम, पेटी घरात ठेवू का गाडीत?”

“गाडीतच असू दे.”

तानाबाई आत वळली. चुलीत जाळ घातल्याचा आवाज आला, मग तोही थांबला. सदफ गाडीपर्यंत गेली. पाण्याची बाटली आणि शाल काढून घेतली.

“तू जा, रफिक. उद्या सकाळी ये.”

“पण काम तर...”

“काम नाही.”

गाडी गेली. धूळ खाली बसली. सदफ अंगणात बसली आणि तिनं खांबाला पाठ टेकली. तो किंचित हलला. ती दचकून सरळ झाली.

मग पुन्हा टेकली.