पाटीखालची तीन अक्षरं

मी पाटी बोलतेय. शाळेतल्या पाटीशी माझं नातं नावापुरतं. मी संगणकात मजकूर लिहायचा एक छोटासा एडिटर आहे, आणि आज माझं तोंड कडू झालंय, तेव्हा गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका.

माझा कर्ता प्रोग्रामर. नोकरीतलं काम सांभाळून सुट्टीच्या दिवशी त्यानं मला घडवलं, तेही त्याच्या ताईसाठी. ताई औषधांच्या खोक्यांतल्या माहितीपत्रकांचं भाषांतर करते. तिची नजर अधू, बटणांची गर्दी दिसली की ती गोंधळते. म्हणून माझ्यात एकही बटण नाही. अक्षरं टपोरी, आणि लिहिलेलं मी आपणहून जपून ठेवते.

मला ताईच्या स्वाधीन करताना त्यानं पहिल्या पानावर लिहिलं, 'ताई, तू फक्त लिही. जपायचं काम पाटीचं.' त्याखाली कोलन, डब्ल्यू, क्यू अशी तीन अक्षरं उमटली. वर तो म्हणाला, "मी आहे तोवर ही बंद पडणार नाही."

त्या शब्दावर मी हुरळले. ताईनं तर त्या तीन अक्षरांनाही नियम मानलं. प्रत्येक पान संपलं की ती चष्मा सावरून ती अक्षरं शोधून टाइप करायची आणि मगच उठायची. त्यांचा अर्थ मलाही ठाऊक नव्हता. बापानं लावलेलं तीट म्हणून मी ती मिरवत होते.

त्याच्या ऑफिसात चहाच्या वेळी कुणाचा एडिटर भारी यावरून रोज जुंपायची. एकदा त्यानं कौतुकानं मला सगळ्यांपुढे उघडलं. शेजारच्या टेबलावरच्या चष्मिषनं विचारलं, "तू स्वतः यातच लिहितोस?"

"दुसरं उघडतच नाही मी," तो म्हणाला.

माझी छाती फुगली. चष्मिष म्हणाला, "मग लिही की चार ओळी."

त्यानं लिहिल्या. शेवटी बोटं सवयीनं वळली आणि ओळींखाली तीच तीन अक्षरं पडली. सगळे खो खो हसले. त्यांचा तो जुना, काळ्या पडद्याचा एडिटर आहे ना, त्यातलं पान जपून मिटायची ती आज्ञा होती. माझ्यात तिला अर्थ नाही, म्हणून ती पानावर तशीच राहते.

"अरे, पाटीचा प्रोग्रामसुद्धा त्यातच लिहिलास ना?" चष्मिषनं विचारलं. त्यानं मान हलवली. हसला पण ओशाळून. म्हणजे रोज दुसऱ्याच्या घरी जेवायचं आणि ढेकर द्यायला माझ्याकडे यायचं. मला फार लागलं ते.

त्यानंतर त्यानं मला हात लावला नाही. ताईचा संगणक अद्ययावत झाला आणि माझी जोडाक्षरं फुटू लागली. औषधाच्या मजकुरात एक अक्षर फुटलं तर केवढ्याला पडेल. दुरुस्ती तासाभराची होती. ताईनं फोन करकरून त्याला बोलावलं. तो आला तो नवा एडिटर घेऊनच.

"ताई, आता पाटीचा नाद सोड."

"माझं काही चुकलं का रे? मी प्रत्येक पानाखाली तुझी ती अक्षरंसुद्धा न चुकता लिहिते."

"कुठली अक्षरं?"

तिनं दाखवलं. एकेक पान सरकत गेलं आणि त्याचा चेहरा उतरत गेला. "ती दुसऱ्या एडिटरची आहेत गं. माझ्याकडून सवयीनं पडली होती."

ताईनं ती अक्षरं पुन्हा एकदा जवळून बघितली. मग म्हणाली, "म्हणजे तू दुसऱ्यातच लिहायचास. तो इतका चांगला होता, तर मला का नाही दिलास?"

"तुला जमला नसता."

मला वाटलं होतं मी तिच्यासाठी झाले. त्याला मात्र मी तिच्यापुरती बरी वाटले होते.

तिची पानं नव्या एडिटरात गेली. मी अजून आहे, कारण मला काढून टाकायचंही त्याला सुचलं नाही. तुम्ही कुणासाठी काही घडवलंत, तर निदान एकदा त्यात स्वतः चार ओळी मनापासून लिहून बघा. एवढंच मागणं.

तो गेल्यावर ताईनं मला शेवटचं उघडलं. पहिलं पान काढलं, आणि त्याच्या त्या वाक्याखालची तीन अक्षरं एकेक करून पुसली. वाक्य राहू दिलं. मग नेहमीसारखं चष्मा सावरून, काहीही न लिहिता ती उठून गेली.

मी ते पान जपून ठेवलं.