मशीनखालचं रबर

फोरमन स्टुलावर चढले, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक त्यांनी छताला टेकवलं, त्याची मूठ कानामागच्या हाडावर दाबली आणि डोळे मिटले. वर धडधड चालू होती. उभा जन्म पत्रा कापायच्या प्रेसवर काढलेला माणूस; कुठल्याही मशीनचं दुखणं असंच शोधायची त्यांची सवय.

"खोलीच्या मधोमध ठेवलंय," ते खाली न बघताच म्हणाले. "भिंतीशी सरकवलं आणि खाली रबर टाकलं की निम्मा आवाज गेला. उरलेला कसा घालवायचा ते मी बघतो."

स्टूल धरून उभ्या असलेल्या त्यांच्या बायकोनं घड्याळाकडे बघितलं.

वरच्या मजल्यावरची बाई जाड कापडाच्या पिशव्या शिवायची. मोटरवर चालणारं, चांगलं दणकट मशीन होतं तिचं. सकाळी अकराला सुरू झालं की दुपारी एकपर्यंत खालच्यांच्या डोक्यावर नुसते मिरे वाटायचं. सगळी इमारत तिच्या नावानं बोटं मोडायची. फोरमनबाई मात्र रोज अकरा कधी वाजतात याची वाट बघायच्या. कारण सव्वाबाराला, जेवणाच्या सुट्टीत, मुलीचा फोन यायचा.

या घरात मुलीचं नाव चार वर्षांत निघालं नव्हतं. सासरचा मार खाऊन, कडेवर पोर घेऊन ती दारात उभी राहिली, तेव्हा फोरमननी उंबऱ्यातूनच सांगितलं होतं, "तुझं घर तिकडे. परत जा." ती परत गेली, पण सासरी नव्हे, दुसऱ्या गावात जाऊन एका छापखान्यात पुस्तकबांधणीच्या कामाला लागली. त्या दिवशी जेवताना फोरमन म्हणाले, "तिचा विषय पुन्हा काढायचा नाही." झालं. फोरमनचा शब्द म्हणजे कारखान्यातला भोंगा, एकदा वाजला की वाजला. बाईंनी नाव काढलं नाही, पण फोनही सोडला नाही. नवरा कामावर जायचा तोवर ठीक होतं. तो निवृत्त होऊन दिवसभर बाहेरच्या खोलीत खुर्ची अडवून बसू लागला, तेव्हा त्यांचा जीव टांगणीला लागला. आणि नेमकं त्याच सुमारास वर हे मशीन आलं. त्याच्या धडधडीत ओट्यावर फोन ठेवायचा, त्याचा आवाज पूर्ण मोठा करायचा आणि भिंतीकडे तोंड करून मनसोक्त बोलायचं. पोर शाळेत जाऊ लागली, पोरीला गोवर आला, पोरीचा दात पडला, सगळं त्या धडधडीच्या आडोशानं त्यांना कळलं होतं.

त्यांना कोडं पडलं होतं ते वेगळंच. प्रेसवर निम्मा बहिरा झालेला हा माणूस. दाराची बेल वाजून वाजून थकली तरी जागचा हलत नाही, आणि त्याला वरचं मशीन कसं काय खुपायला लागलं?

"त्या आवाजात काही म्हणता काही ऐकू येत नाही," फोरमन कुरकुरायचे.

"तुम्हाला असं काय ऐकायचंय एवढं?" एकदा त्यांनी वैतागून विचारलंही होतं. तेव्हा फोरमननी पेपर तोंडासमोर धरला होता.

दुसऱ्या दिवशी नवरा रबर शोधायला बाहेर पडल्याबरोबर बाई जिना चढून वर गेल्या. पिशवीवालीनं घाईघाईनं मशीन थांबवलं, खुर्चीवरची कापडं बाजूला केली.

"काकू, माफ करा हं. काका काल येऊन गेले. तुम्ही कधी भांडायला आला नाहीत, म्हणून मला कल्पना नव्हती तुमच्याकडे एवढं ऐकू येत असेल."

"येऊ दे की," बाई म्हणाल्या. "मी तेच सांगायला आले. मशीन हलवू नकोस. ते रबरबिबर लावू देऊ नकोस त्यांना."

पिशवीवाली बघतच राहिली. मग तिला हसू आलं.

"अहो काकू, सगळे येऊन भांडतात आवाज बंद कर म्हणून. तुम्ही पहिल्याच, चालू ठेव म्हणणाऱ्या."

"मला सवय झालीय गं. शांत असलं की घर खायला उठतं."

"पण काका किती आपुलकीनं बोलले! भांडले नाहीत, काही नाही. स्वतः करून देतो म्हणाले. त्यांना नाही कसं म्हणू मी?"

खरं कारण सांगायचं तर नवऱ्याची अब्रू चव्हाट्यावर मांडावी लागली असती. त्या उठल्या आणि कठडा धरून खाली आल्या.

पुढचे तीन दिवस फोरमन हरखून कामाला लागले. लोखंडी पट्टी, तिच्यावर रबर, रबरावर बुचाचा थर, परत रबर. चारही पायांखाली बसतील असे चार चौकोन त्यांनी कानशीनं घासून घासून तयार केले. जेवायला हाक मारली तरी उठेनात. असा उत्साह बाईंना कितीतरी वर्षांत दिसला नव्हता. त्यांचा आतल्या आत संताप होत होता. या माणसाला आपल्याकडची एवढीशी गोष्टही बघवू नये!

चौथ्या दिवशी सव्वाबाराला फोन आला. वर धडधड होती, शेवटची.

"उद्यापासून फोन करू नकोस," त्या म्हणाल्या.

"का? काय झालं?"

"वरचं मशीन बंद होतंय. म्हणजे आवाज बंद होतोय. सगळं बाहेर ऐकू जाईल. मीच करीन कधीतरी, बाहेरून."

पलीकडे डब्याचं झाकण लागल्याचा आवाज आला.

"आई, अजून इतकी घाबरतेस तू त्यांना?"

"तुला नाही समजायचं."

"समजलं की," मुलगी म्हणाली आणि फोन ठेवला.

त्या दुपारीच फोरमननी पिशवीवालीचं मशीन भिंतीशी नेलं आणि खाली चौकोन बसवले. दुसऱ्या दिवशी अकराला मशीन सुरू झालं तेव्हा खाली जेमतेम घरघर आली. ओट्यावरचं भांडं हललं तरी ऐकू येईल इतकं घर शांत झालं. इमारतीत फोरमनचं कौतुक झालं. बाई कणीक मळत होत्या.

बाराला फोरमननी आपली खुर्ची उचलली आणि स्वयंपाकघराच्या दारालगत आणून ठेवली. पेपर उघडला. सव्वाबारा झाले. साडेबारा झाले. पेपरचं एकही पान उलटलं नाही.

पाऊण वाजता ते म्हणाले, "आज तिला उशीर झाला का?"

बाईंचे हात कणकेत थांबले.

"कुणाला?"

फोरमननी पेपरची घडी घातली, पुन्हा उलगडली.

"त्या धडधडीत नुसती पुटपुट ऐकू यायची. पोरीचं काहीतरी सांगायची ती. एक शब्द लागेल तर शपथ. म्हटलं, तेवढं मशीन गप झालं तर..."

"तुम्हाला माहीत होतं?"

"वर्ष झालं."

वर्षभर! एक शब्द बोलला असता तर काय बिघडलं असतं? ओरडावंसं वाटलं त्यांना, हातातला गोळा फेकून मारावासा वाटला. आवाज मात्र अगदी साधा निघाला.

"कालच मी तिला सांगितलं, फोन करू नकोस म्हणून."

"का?"

"तुम्हाला ऐकू जाईल म्हणून."

फोरमननी पेपर खाली टाकला. मग ते उठून आत आले, ओट्यावरचा फोन त्यांनी बायकोपुढे सरकवला. "लाव."

कणकेच्या हातानंच त्यांनी नंबर लावला, आवाज मोठा केला. बऱ्याच वेळानं मुलीनं फोन उचलला. शब्द स्वच्छ आला.

"आई? नको म्हणाली होतीस ना? बाबा आहेत का घरात?"

बाईंनी नवऱ्याला नजरेनंच खुणावलं. बोला. फोन पुढ्यात आहे, बोला एकदाचं. फोरमननी दोन्ही हात हलवले, मान हलवली. नाही म्हण. नाही म्हणून सांग.

"नाहीत," बाई म्हणाल्या. "बाहेर गेलेत. बोल तू."

मुलीनं सुटकेचा श्वास सोडला. तोही ऐकू आला.

"तरीच! बघ ना, ते नसले की किती शांत वाटतं आपलं घर."

फोरमन कानामागे हात धरून ओट्यावर वाकले होते. या वेळी त्यांना शब्द न शब्द लागला.