हिरण्यकश्यपूला गुदगुल्या

जालन्याच्या कापडदुकानात धर्मराज वर्षभर ‘या ताई, बसा ताई’ करत साड्यांच्या घड्या उलगडायचा आणि गिऱ्हाईक काही न घेता उठलं, की त्याच घड्या पुन्हा घालायचा. वैशाखात मात्र, नृसिंह जयंतीला, परतूरकडच्या आपल्या गावी जाऊन तो देव व्हायचा. सोंगाचा मान त्यांच्या घराचा. दिवेलागणीला देवळापुढचा कागदी खांब फाडून सिंहाचा मुखवटा घातलेला धर्मराज बाहेर पडला, की आया त्याच्या पायांवर लेकरं घालायच्या. आपण मुळात देवच आहोत, साड्या हा कसलातरी शाप आहे, असं त्याला तेवढा वेळ अगदी खरं वाटायचं.

हिरण्यकश्यपू व्हायचा थोरला भाऊ काकासाहेब. धर्मराजनं शेती सोडली तेव्हा तो पारावर सगळ्यांदेखत म्हणाला होता, “धर्मा घड्या घालायलाच जन्माला आल्ता.” तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. वर्षातून एकदा धाकटा थोरल्याला मांडीवर घेऊन त्याचं पोट फाडायचा, तेवढाच काय तो घरोबा.

गावाची रीत अशी, की नरसिंहाचा राग मेलेल्या दैत्यानंच उठून शांत करायचा, आपल्या हातानं मुखवटा उतरवून. तोवर सोंगानं तोंडातून शब्द काढायचा नाही. मुखवटा उतरवताना दादाचे खरबरीत हात कानांना लागायचे. धर्मराज खरं म्हणजे त्यासाठीच यायचा. लोकांना मात्र सांगायचा, मान राखायला येतो म्हणून.

गावात एसटीडी बूथ आला त्या वर्षी घोटाळा झाला. मांडीवर पडलेला काकासाहेब देवाच्या तोंडाकडं न बघता नेहमीसारखा आभाळाकडं बघत राहिला. धर्मराजला राग आला. लहानपणी एका गोधडीत झोपताना कळलेली एक गोष्ट त्याला आठवली. पत्र्याची नखं मागं सारून त्यानं दादाच्या बरगडीखाली बोटं फिरवली.

मरणाची आरोळी ठोकायला उघडलेल्या तोंडानं दैत्य खिदळला. पाय झाडता झाडता त्याची मिशी निसटली. गाव पोट धरून हसलं आणि देवाची छाती फुगली. ती फुगलेली राहिली काकासाहेब मिशी उचलून घराकडं चालता होईपर्यंतच.

“आता हो कसं?” कुणीतरी विचारलं.

“कसं म्हंजी? हात त्याचाच पायजे,” पुजारी म्हणाला.

देव ओट्यावर बसून राहिला. मुखवट्याची डागडुजी ताबूत करणारे गयासोद्दीनचाचा करायचे. यंदा त्यांनी आतून घट्ट अस्तर बसवलं होतं. घामाच्या धारा लागल्या, नाक खाजायला लागलं. पुढं पेढे ठेवलेले, पण खायची सोय नाही. एका म्हातारीनं हात जोडून सुनेला सुबुद्धी मागितली. देवाकडं स्वतःपुरतीही शिल्लक नव्हती.

दादा आता कधीच येणार नाही, हे धर्मराजच्या ध्यानात आलं. तो उठला आणि मुखवट्याच्या भोकांतून दिसेल तेवढी वाट बघत भावाच्या घराकडं निघाला. मागं हलगी, हलगीमागं गाव.

वहिनीनं, द्वारकाबाईनं, दार उघडलं. सवयीनं ती देवाच्या पाया पडली आणि मग तिचं तिलाच वाईट वाटलं. “आता आनखी काय ऱ्हायलंय भावजी?” ती म्हणाली.

काकासाहेब खाटेवर पाठ फिरवून बसला होता. बोलायची मुभा असती तर धर्मराजनं नक्की काहीतरी अक्कल पाजळून भांडण वाढवलं असतं. तो खाली बसला आणि सिंहाचं भलंमोठं डोकं त्यानं दैत्याच्या पायांवर टेकवलं. दारातली हलगी थांबली.

“देवानं आसं वाकू न्हाई,” काकासाहेब भिंतीकडं बघत म्हणाला. मग थोडा वळला. “ऊठ. मान आवघडंल.”

खरबरीत हात कानांना लागले. मुखवटा निघाला. धर्मराजच्या नाकाला लाल रंग, केसांचा चिखल आणि डोळ्यांत पाणी. इतकी वर्षं घोकून ठेवलेल्या खरमरीत वाक्यांतलं एकही त्याला आठवेना.

“दादा, पाणी.”

काकासाहेबानं तांब्या दिला. देवाचा जरीचा शेला जमिनीवर पडला होता, तो उचलून दादा टोकं जुळवायला लागला. त्याला ती जुळेनात.

“धर्मा,” तो म्हणाला, “हे टोक धर बरं. मला जमून न्हाई राह्यलं.”

धर्मराजनं टोक धरलं. काठ आत घ्यायचा असतो, हे सांगायचा मोह त्यानं कसाबसा आवरला.